भार कोणत्या पायावर?

मनुष्याकृतीची मापं बरोबर असूनही चित्र लाकडी वाटतं, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: शरीराचं वजन दोन्ही पायांवर सारखं विभागलेलं असतं. प्रत्यक्षात माणूस असा क्वचितच उभा राहतो. भार एका पायावर गेला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, खांदे उलट दिशेला कलतात, कण्याला बाक येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र पाहा. मान, धड आणि कंबर अशा तीन ठिकाणी वळलेला तो त्रिभंग आजही स्तब्ध करतो.

फ्रेंच शिल्पकार रोदँ मॉडेलना स्टुडिओत मोकळं फिरू देई आणि नजर कागदाकडे न वळवता भराभर रेखाटनं करी. ठरवून घेतलेल्या पोझमध्ये हा जिवंतपणा सहसा येत नाही.

तुम्हाला तर मॉडेलचीही गरज नाही. एसटी स्टँडवर बसा. पिशवी उचलणारी बाई, खांबाला टेकलेला विद्यार्थी, डुलकीत मान कलंडलेले आजोबा. प्रत्येकाला अर्धं मिनिट द्या. आधी डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत एकच वाहती रेघ ओढा. नाक-डोळे, कपड्यांच्या चुण्या नंतर. रेघेचा बाक थोडा वाढवलात तरी चालेल. इथे अतिशयोक्ती हा गुणच आहे, असं माझं ठाम मत आहे. मग आकृती पूर्ण काळी भरून पाहा. नुसत्या छायेवरून माणूस काय करतोय हे कळलं, तर पोझ जमली. धडावर आलेले हात छायेत हरवतात. ते बाहेर काढा.

तरीही अडलात, तर स्वतः आरशासमोर ती पोझ घ्या. ताण कुठे येतो हे अंगाला लगेच कळतं.