शिकवणारे स्वतः काय शिकतात?

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच धांदल उडते. फी किती, वसतिगृह आहे का, मुलीच्या जाण्यायेण्याची सोय काय, पुढे नोकरी लागेल का? प्रश्न सगळे रास्त आहेत. आम्हीही आमच्या मुलांच्या वेळी हेच विचारले. एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला. त्या कॉलेजात शिकवणारी माणसे सध्या स्वतः काय शिकत आहेत, कशाचा शोध घेत आहेत?

पुण्याच्या येरवड्यातील डेक्कन कॉलेजचेच पाहू. 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था 1939 पासून पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करते. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशशास्त्र हे तिचे विभाग. वर्गात तास घ्यायचा आणि बाकीचा वेळ शोधाला द्यायचा, ही तिथल्या प्राध्यापकांची जुनी रीत.

पुरातत्त्व विभागापासून सुरुवात करू. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशात 1954 ते 56 मध्ये या विभागाने उत्खनन केले. त्याचा अहवाल लिहिणाऱ्यांत प्रा. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर डॉ. झेड. डी. अन्सारी हे नाव आहे. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे खोदाई चालली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे अख्खे गाव मातीतून वर आले. घरे, चुली, धान्याच्या कणग्या, आणि घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली तान्ही मुले. 1988 मध्ये निघालेल्या त्या मोठ्या अहवालावरही अन्सारींचे नाव आहे. महाराष्ट्राचा पहिला शेतकरी कसा राहत होता हे ज्यांच्या मेहनतीतून कळले, त्यांत आपल्यातला एक माणूस होता. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे?

याच विभागाचे अलीकडचे गाजलेले काम हरियाणातल्या राखीगढीचे. प्रा. वसंत शिंदे यांच्या पथकाने तिथल्या हडप्पाकालीन दफनभूमीत खोदाई केली. जनुकशास्त्रज्ञांनी 61 नमुने तपासले, तेव्हा एकातून पुरेसा डीएनए हाती लागला. तो होता साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा. 2019 च्या सप्टेंबरात ‘सेल’ या नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध छापून आला. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश त्या स्त्रीत आढळला नव्हता. त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये पाचशेहून अधिक प्राचीन माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो अंश इथे नंतरच्या काळात आला आणि पुढे लोकसंख्येत मिसळला, असे त्यातून दिसले. मग मूळचे कोण आणि बाहेरचे कोण, यावर वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर वाद रंगले. आम्हाला मात्र वाटले, की दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले तर कोणालाच फार ऐट मिरवता येणार नाही. या देशात सगळेच मिसळलेले आहेत.

कोश विभागाचे काम याच्या अगदी उलट, गाजावाजा नसलेले. संस्कृतमधला प्रत्येक शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अर्थाने आला याची नोंद करणारा महाकोश 1948 मध्ये हाती घेतला गेला. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. पहिला खंड निघाला 1976 मध्ये. त्यानंतर तिसाहून अधिक भाग निघाले, तरी काम अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. ज्यांनी आरंभ केला ते गेले. आज जे करत आहेत त्यांनाही शेवट दिसणार नाही. तरीही रोज सकाळी कोणीतरी येऊन पुढची चिठ्ठी उचलते. इल्म ही सबुरीची वाट आहे, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. त्याचा दाखला असा येरवड्यात सापडावा, याचे आम्हाला नवल वाटले.

भाषाशास्त्र विभागाचे काम तर थेट आपल्या उंबरठ्याशी येते. राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने प्रा. सोनल कुलकर्णी-जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले. गावोगावी जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. कोणता शब्द कुठे बोलतात याचे नकाशे केले. नात्यांना कोण काय म्हणते, तेही नोंदवले. हे सारे कोणालाही ऐकता येईल असे खुले ठेवले आहे.

आपल्या घरांत मावशीला खाला आणि आत्याला फुफी म्हणतात. कोकणातल्या आपल्या भावंडांची बोली निराळी, मराठवाड्यातल्या घरांतली दखनी निराळी. शाळेत याच शब्दांपायी आमची मुले कधी हिरमुसली होऊन घरी आली, आणि ‘नीट बोलत जा’ असे आम्हीच त्यांना दटावले. अभ्यासकांच्या लेखी मात्र कोणतीही बोली अशुद्ध नसते, ती नोंदवून ठेवण्याजोगी असते. हे आम्हाला आधी कळते तर त्या दिवशी मुलांना वेगळे उत्तर दिले असते.

आपल्या मुलामुलींनी डॉक्टर, इंजिनिअर व्हावे, जरूर व्हावे. पण एखादी मुलगी जुनी नाणी जमवत असेल, दादीच्या तोंडचे शब्द वहीत लिहून ठेवत असेल, तर ‘याने पोट भरणार आहे का’ असे एकदम म्हणू नका. नोकरीचा प्रश्न खरा आहे, त्याची चौकशी करा. त्याबरोबर कॉलेजात गेल्यावर हेही विचारा : इथले प्राध्यापक सध्या कशाचा शोध घेत आहेत? ज्या शिक्षकाचे स्वतःचे शिकणे थांबलेले नाही, त्याच्या हाती आपले मूल सोपवताना मन निश्चिंत राहते. आणि दादी अजून बोलती आहे तोवर तिचे चार शब्द टिपून ठेवा. त्यासाठी कोणत्याही कॉलेजात नाव घालावे लागत नाही.