निद्रेतील श्वासावरोध : उपचारातील सातत्याचा प्रश्न

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज जवळा बाजार व परिसरातील गावांत आजही दृढ आहे. वास्तविक घोरता घोरता आवाज अचानक थांबणे, काही क्षण शांतता पसरणे आणि मग रुग्णाने दचकून श्वास घेणे, ही ‘स्लीप अ‍ॅप्निया’ अर्थात निद्रेतील श्वासावरोधाची खूण असू शकते. झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद वा अधिक काळ हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू झोपमोड करून मार्ग पुन्हा उघडतो. तीव्र विकारात असे तासाला तीस किंवा अधिक वेळा घडते. सकाळी रुग्णास यातले काहीच आठवत नाही. जाणवते ते जड झालेले डोके, आणि दिवसा, प्रसंगी मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवितानाही, लागणारा डोळा. म्हणूनच या आजाराचे खरे साक्षीदार घरचे लोक असतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या अनुमानानुसार ७.५ टक्के पुरुषांत हा विकार लक्षणांसह आढळतो. ती पाहणी शहरी होती. ग्रामीण भागास तो आकडा जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

यावरील प्रमुख उपचार म्हणजे ‘सीपॅप’ यंत्र. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत १९८१ मध्ये मांडली. मास्कमधून येणारा हवेचा सौम्य दाब श्वासमार्गास आतून आधार देतो. मात्र हा आधार मास्क लावलेला असेपर्यंतच. ‘आता बरे वाटते’ म्हणून यंत्र बाजूला ठेवले की श्वास पुन्हा अडू लागतो.

रात्री किमान चार तास आणि दहापैकी सात रात्री वापर झाला, तर तो पुरेसा धरण्याचा वैद्यकीय प्रघात आहे. आमच्या मते ही केवळ उत्तीर्ण होण्यापुरती गुणसंख्या आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे अधिक असते, त्या वेळी स्नायू सर्वाधिक शिथिल असतात. मध्यरात्री मास्क काढणारा रुग्ण नेमक्या त्याच तासांत निराधार राहतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील २,७१७ रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वापर ३.३ तासच होता. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार व मनःस्थिती सुधारली. हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण मात्र घटले नाही. इतक्या अल्प वापरातून अधिक लाभाची अपेक्षा कितपत धरावी, हा प्रश्न उरतोच.

सवय लागते की मोडते, हे बहुधा पहिल्या आठवड्यातच ठरू लागते. नाक कोरडे पडणे, मास्कच्या कडेने हवा निसटणे, कोंडल्यासारखे वाटणे, घरच्यांसमोर संकोच वाटणे या तक्रारी क्षुल्लक दिसतात. परंतु यंत्र कपाटात जाते ते यांच्यामुळेच. मास्कचे माप बदलणे, हवेत ओलावा देणारे पात्र जोडणे, दिवसा जागेपणी थोडा वेळ मास्क लावून बसणे, याने बहुतेकांचा मार्ग सुकर होतो. वीज गेल्यास जीव गुदमरेल, ही भीतीही ऐकू येते. मास्कला हवा जाण्यासाठी छिद्रे असतात व तो सहज काढता येतो. उपचार मात्र तेवढा वेळ थांबतो, म्हणून शक्य तेथे इन्व्हर्टरची सोय असावी. लग्नकार्यास वा यात्रेस जातानाही यंत्र सोबत न्यावे. वजन घटविणे, मद्य टाळणे, कुशीवर झोपणे यांची जोड हवीच.

देणगीदारांना यंत्र देणे आवडते, आणि ते स्वाभाविक आहे. दिलेली वस्तू डोळ्यांना दिसते. परंतु मास्कची गादी झिजते, फिल्टर बदलावा लागतो, पहिल्या आठवड्यात कुणीतरी रुग्णाच्या घरी दूरध्वनी करून विचारपूस करावी लागते. यंत्रात रोजच्या वापराचे तास नोंदले जातात. ते तपासून रुग्णाशी बोलण्यास माणूस लागतो. यंत्रासाठी देणगी देताना या पुढील खर्चाचाही विचार व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.