मांडूचा मुदपाकखाना, देवासचे ताट आणि आपला कॅमेरा

माळव्यातील कोणत्याही मराठी घरातील जुना आल्बम उघडावा. लग्नकार्याची पाने उलटता उलटता पंगतीचे छायाचित्र हमखास सापडते. वाकलेल्या पाठी, फ्लॅशच्या झोतात चमकणारी कपाळे, आग्रह करीत उभे असलेले यजमान. पानात काय वाढले होते याचा मात्र पत्ता नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तथापि फरक एवढाच पडला, की पूर्वी पान दिसत नसे आणि आता पानाखेरीज काही दिसत नाही. तेही पिवळट, तेलकट आणि भूक मारणारे!

अन्नाचे चित्र कसे काढावे, याचे दोन धडे धार आणि देवास या आपल्या दोन पवार संस्थानांच्या परिसरात पूर्वीच गिरवले गेले आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसावे.

पहिला धडा मांडूचा. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरांवरील या गडावर सुलतान गियासुद्दीन खिलजी याने १४६९ ते १५०० या काळात राज्य केले. त्याच्यासाठी आरंभलेला आणि त्याच्या पुत्राच्या कारकिर्दीत पूर्ण झालेला ‘निमतनामा’ हा फारसी पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सामोसे, खिरी, सरबते, विडे, सुगंधी द्रव्ये असा त्याचा पसारा आहे. नोरा टिटली यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००५ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथात ५० लघुचित्रे आहेत. मिशाळ सुलतान बहुतेक चित्रांत जातीने हजर आहे आणि त्याच्यापुढे दासींची लगबग चालली आहे. गंमत अशी, की खुद्द पदार्थ या चित्रांत अगदी लहान आहे. चित्रकाराने काढले ते चूल, भांडी आणि काम करणारे हात. तयार पदार्थापेक्षा तो होत असतानाचे दृश्य अधिक सांगून जाते, हे त्याला उमगले होते.

दुसरा धडा देवासचा, आणि तो एका परक्याने दिलेला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये देवास थोरली पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे पाहुणा म्हणून आला; पुढे १९२१ मध्ये तो त्यांचा खाजगी चिटणीसही झाला. त्याची तेथील पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात आहेत. पहिल्या भेटीतील एका मेजवानीचे वर्णन करताना त्याने आपल्यापुढील ताटाचा चक्क नकाशा काढला आणि प्रत्येक पदार्थाला क्रमांक देऊन खाली खुलासा लिहिला. नावे ठाऊक नसल्याने त्याने चवीवरून ओळखी दिल्या आहेत, आणि जिभेला आग लावणाऱ्या वाट्यांमुळे ताटाची एक बाजू त्याला नकोशी झाली. चटण्या-लोणच्यांशी परिचय नसलेल्या पाहुण्याचे दुसरे काय होणार! परंतु शंभरांहून अधिक वर्षांनंतरही त्या ताटात कोठे काय होते, हे आपण सांगू शकतो. लग्नाच्या आल्बमवरून ते सांगता येत नाही.

पूर्ण ताटाचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर फॉर्स्टरप्रमाणे थेट वरून घ्यावे. आपल्या ताटाला डावे-उजवे आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर एका अंगास, भाज्या व आमटी दुसऱ्या अंगास, मध्ये भाताची मूद. तिरप्या कोनातून ही रचना कोलमडते. ताट जमिनीवर ठेवून स्वतः पाटावर उभे राहावे आणि मोबाईल ताटाला समांतर धरावा. फार जवळ गेल्यास कडेच्या वाट्या ओढल्यासारख्या लांबट होतात. थोडे उंचावरून घेणे बरे. याउलट पुरणपोळ्यांची चवड किंवा तुपाने माखलेले बाफले यांना उंची आहे. ते बसल्या माणसाच्या नजरेने, समोरून किंचित तिरपे घ्यावेत.

कोन साधला तरी खरे मर्म प्रकाशात आहे. फ्लॅश बंद करावा, हे प्रथम. तो समोरून आदळतो, सावल्या पुसतो आणि सावली गेली की पोळीचा पापुद्राही गेला. सकाळची खिडकी हा सर्वांत उत्तम दिवा होय. ताट खिडकीशी असे ठेवावे की प्रकाश एका बाजूने अथवा पलीकडून यावा. ऊन थेट येत असेल तर जुने पांढरे धोतर खिडकीवर बांधावे. दुसऱ्या बाजूस कोरा पांढरा पुठ्ठा उभा केला की काळोखी सावली उजळते. खोलीतील ट्यूब आणि बल्ब त्या वेळी विझवावेत. दिवसाचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन प्रकाश मिसळले की वरण आजारी दिसते.

भाताचे दुखणे वेगळे आहे. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचे करू पाहतो. म्हणून पांढरा भात राखाडी होतो. पडद्यावर भातावर बोट टेकवावे आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवावी. स्टीलचे ताट आरशासारखे छतही दाखवते आणि छायाचित्र घेणाऱ्याचे नाकही. त्यापेक्षा केळीचे पान किंवा आपल्याकडे सहज मिळणारी पळसाची पत्रावळ शतपट बरी. आणखी एक: स्वयंपाकघरात मोबाईलच्या भिंगावर तुपाचे बोट लागलेले असतेच. सुती कापडाने ते पुसावे. निम्मे धुके तेथेच जाते. वरणावरच्या तुपाची तकाकी मिनिटा-दोन मिनिटांची असते आणि कोशिंबिरीला लवकर पाणी सुटते, तेव्हा बाकीची मांडणी आधी करून हे दोन शेवटी वाढावेत. फुलदाणी, रुमाल, कोथिंबिरीचे डोंगर यांची मला तरी गरज वाटत नाही. आणि पाहुणे ताटकळतील इतका वेळ कधीच घेऊ नये.

पण मांडूच्या चित्रकाराकडे परत जाणे भाग आहे. आपल्या माळव्यातील मराठी स्वयंपाकघरात पुरणपोळीच्या शेजारी बाफले आणि भुट्ट्याचा कीस पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. भुट्ट्याचा कीस वाटीत वाढल्यावर कितीही कौशल्य लावा, तो पिवळा गोळाच दिसणार. त्याचे चित्र किसणीवर आहे: कोवळे कणीस, दुधाळ चीक, आजीच्या बोटांची धरण्याची रीत. बाफला उकळत्या पाण्यात वर तरंगतो तेव्हाचे एक, निखाऱ्यावर तडकतो तेव्हाचे दुसरे आणि तुपात बुडतो तेव्हाचे तिसरे, अशी तीन छायाचित्रे घेतली तर कृती जवळजवळ लिहून झालीच.

घरोघरच्या ज्येष्ठ स्त्रियांचे माप मूठ आणि चिमूट हेच असते. परगावी गेलेल्या लेकीने दूरध्वनीवरून विचारले, की ‘पुरण किती आटवू?’, तर उत्तर मिळते, ‘पुरेसे.’ हे ‘पुरेसे’ शब्दांत सापडत नाही. पण पुरणात उलथने आधाराविना उभे राहिले, तो क्षण टिपता येतो. भाजणीसाठी डाळ कोणत्या रंगावर उतरवावी, पाकाची तार दोन बोटांत किती लांबते, थालीपिठाला भोके किती पाडावीत, हे सारे त्या हातांबरोबर जाणारे ज्ञान आहे. सत्तरी-ऐंशीतल्या आजी, आत्या, मावशी आज ओट्याशी उभ्या आहेत तोवर एखादी सकाळ याकरिता राखून ठेवावी. त्यांना कॅमेऱ्याकडे पाहावयास सांगू नये; चेहऱ्याची छायाचित्रे पुष्कळ असतात, हातांची नसतात. त्यांच्या खांद्यामागे उभे राहून, त्यांना जसे दिसते तसे घ्यावे. रांधताना मध्ये थांबवू नये. फोडणी कोणासाठी थांबत नाही.

एवढे झाल्यावर ही छायाचित्रे मोबाईलमध्ये कोंडून ठेवू नयेत. यंत्र बदलले की ती हरवतात. निवडक दहा-बारा कागदावर छापून घ्यावीत. मागील बाजूस पदार्थाचे नाव, करणारीचे नाव, वर्ष आणि त्या दिवशी वाटीने मोजून घेतलेले प्रमाण लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढून उमटतो. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे.