बंदराची नवी शक्ती

बंदरामुळे गावाला वैभव येते आणि बंदर मागे पडले की ते ओसरते, हे महाराष्ट्राने पूर्वीच पाहिले आहे. सोपारा, चौल, दाभोळ ही एकेकाळी गजबजलेली बंदरे होती. त्या काळी बंदराचे भवितव्य खोल पाणी व सुरक्षित आसरा यांवर अवलंबून असे. आज त्यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीची गरज भासते. ती म्हणजे अचूक आणि तत्काळ माहिती.

रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. येथील बहुतेक माल कंटेनरांतून येतो व जातो. कंटेनर म्हणजे बहुधा वीस किंवा चाळीस फूट लांबीची पोलादी पेटी. १९५६ साली अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन यांनी अशा ५८ पेट्या एका जहाजावरून ह्यूस्टनला पाठविल्या. त्यापूर्वी गोण्या, पेटारे, पिंपे सुटी सुटी चढवावी लागत व त्यात कित्येक दिवस जात. आता यारी अवघी पेटी काही मिनिटांत उचलते.

पण या हजारो पेट्या दिसावयास सारख्याच! म्हणून प्रत्येकीवर चार अक्षरे व सात अंक लिहिलेले असतात. शेवटचा अंक आधीच्या अक्षरांवरून व अंकांवरून हिशेब करून काढलेला असतो. नोंद घेताना आकडा चुकला, तर हिशेब जुळत नाही व चूक बहुधा लगेच उघडकीस येते. पेट्या एकीवर एक रचलेल्या असतात. तळची पेटी आधी हवी असेल, तर वरच्या सर्व हलवाव्या लागतात. कोणती पेटी केव्हा न्यावयाची हे संगणकाला आधीच कळले, म्हणजे तो प्रत्येकीची योग्य जागा नेमून देतो आणि व्यर्थ उचलाउचल टळते.

२०१६ साली या बंदरात कंटेनरांवर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावण्यास आरंभ झाला. फाटक किंवा टोलनाका ओलांडताना तेथील यंत्र बिल्ला वाचते आणि आपला माल कोठे आहे, हे व्यापाऱ्याला घरबसल्या समजते. नाशिकची द्राक्षे शीतपेट्यांतून याच बंदरातून युरोपास जातात. कागदपत्रांसाठी पेटी अडून राहिली आणि जहाज चुकले, तर बागाईतदाराचे वर्षभराचे कष्ट वाया जाण्याची भीती असते. आता सीमाशुल्क खात्याकडील कागदपत्रे संगणकाद्वारे सादर करता येतात.

जहाज नुसते उभे राहिले तरी त्याचा खर्च चालूच असतो. म्हणून जेथे काम लवकर व बिनचूक उरकते, तिकडे व्यापार वळतो. उत्तर भारतातील मालासाठी न्हावा-शेवा व गुजरातेतील मुंद्रा यांच्यात चुरस असते. सिंगापूरने १९८९ सालीच ‘ट्रेडनेट’ ही व्यवस्था सुरू केली. पूर्वी काही दिवसांनी मिळणारा परवाना काही मिनिटांत मिळू लागला. तरीही २००० साली एक मोठी जहाज कंपनी सिंगापूर सोडून मलेशियातील तांजुंग पेलेपास बंदरात गेली. तेथे खर्च कमी होता आणि मालकीत वाटाही मिळत होता. केवळ संगणकाच्या बळावर स्पर्धा जिंकता येत नाही, हे यावरून दिसते.

या शक्तीला एक दुबळी बाजूही आहे. २०१७ सालच्या जूनमध्ये संगणकांत शिरलेल्या एका घातक विषाणूमुळे अनेक देशांतील बंदरांचे काम खोळंबले. न्हावा-शेवाचा एक धक्काही त्यात सापडला. याऱ्या धडधाकट होत्या, माणसे हजर होती. पण कोणती पेटी कोठे आहे, हे सांगणारा संगणकच मुका झाला होता.

यंत्र हजारो पेट्यांचे स्मरण ठेवते; सावधगिरी मात्र माणसानेच बाळगावयाची असते.