जबडा म्हणजे नुसती बिजागरी नव्हे!

मित्रांनो, वाचता वाचताच एक प्रयोग करा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि हळूहळू तोंड उघडा. आधी बोटाखालचा हाडाचा गुंडा जागच्या जागी फिरतो. तोंड आणखी उघडलं की तो पुढे आणि खाली घसरतो. हा कॉन्डाइल, खालच्या जबड्याचं टोक. म्हणजे सांधा एक, पण फिरणं आणि सरकणं दोन्ही. त्यात डावा-उजवा असे दोन सांधे आणि त्यांना जोडणारं हाड एकच! थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात हे आलं असतं तर निम्म्या वर्गाला केटी लागली असती.

माझ्या आजोबांची पहिली कवळी साध्या बिजागरीच्या आर्टिक्युलेटरवर बनली होती. आर्टिक्युलेटर म्हणजे दोन्ही जबड्यांचे प्लास्टरचे साचे बसवून दात जुळवायचं यंत्र. सरळ तोंड मिटलं की कवळी झकास बसायची, पण चावायला जबडा जरा सरकला की उचकटायची. कारण सोपं आहे. जबडा पुढे जाताना कॉन्डाइल उतारावरून खाली येतो आणि मागच्या दाढांत फट पडते. कवळी नुसती हिरडीवर टेकलेली, मग ती कलंडणारच. बिजागरीला हा उतार माहीतच नसतो. वर्षभर आजोबांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

दुसऱ्या डॉक्टरांकडे हॅनाऊ पद्धतीचं यंत्र होतं. (हॅनाऊ स्वतः इंजिनिअर होते, हे आपल्यासाठी!) त्यांनी आधी फेसबो लावून वरचा जबडा सांध्यांपासून किती अंतरावर आहे ते यंत्रावर उतरवलं. मग जबडा पुढे काढून मऊ मेणावर चावायला लावलं. तो मेणाचा ठसा साच्यांमध्ये ठेवायचा आणि साचे त्यात नीट बसेपर्यंत यंत्राची खाच कलती करायची. जो कोन येईल तोच उतार, साधारण ३० अंशांच्या आसपास. बाजूच्या हालचालीचा कोन मात्र मोजत नाहीत, सूत्राने काढतात: उताराच्या कोनाला ८ ने भागा, १२ मिळवा. ३२ अंशांना १६. गंमत म्हणजे उतार २४ वरून ४० झाला तरी उत्तर १५ वरून १७ वरच जातं, म्हणून बरेचजण सरळ १५ धरून मोकळे होतात. सूत्र कसलं, अंदाजच तो!

शिवाय यंत्राची खाच सरळ आणि खरं हाड वक्र. त्यामुळे शेवटी तोंडात रंगीत कागद चावायला लावून दात थोडे घासावेच लागले. दोन चकरा झाल्या. तिसऱ्या दिवशी आजोबांनी भाकरी मागितली, दुधाशिवाय, ठेच्याबरोबर.