पाव बैलाचा हिशेब

आयोवातल्या आमच्या गावाबाहेर एक लहानसा कसाईखाना आहे. पाटीवर मालकाचे आडनाव आणि पुढे ‘लॉकर’ हा शब्द. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बँकेची तिजोरी आठवली, आणि मूळ अर्थ त्यापासून फार दूर नव्हता. घरोघरी फ्रीझर नव्हते तेव्हा, १९३० आणि १९४० च्या दशकांत, अमेरिकेतल्या लहान गावांतून सामायिक शीतगृहे निघाली. शेतकरी आपले जनावर कापून घ्यायचा, मांस भाड्याच्या कुलूपबंद खणात ठेवायचा आणि लागेल तसे घरी न्यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रीझर घरातच आला, खण रिकामे झाले. नाव मात्र दुकानांना चिकटून राहिले.

इथली अनेक कुटुंबे आजही वर्षाचे गोमांस एकदम भरतात. अख्खे जनावर, अर्धे किंवा पाव. आम्ही पाव घेतो. यातली पहिली गंमत कायद्याची आहे. लहान कसाईखान्यांत कापलेल्या प्रत्येक जनावराची सरकारी तपासणी होत नाही. असे मांस विकता येत नाही. त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असतो. मालकाला मात्र आपले जनावर आपल्या घरासाठी कापून घेता येते. म्हणून आपण मांस विकत घेत नाही; जिवंत बैलात वाटा घेतो, आणि कसायाला मजुरी देतो.

दुसरी गोष्ट वजनाची. नवखा माणूस इथेच फसतो. खच्ची केलेला गोऱ्हा जिवंतपणी साधारण १३०० पौंड भरतो असे धरू. कातडे, डोके, पाय, आतडी गेल्यावर टांगलेले धड उरते सुमारे ८०० पौंड. शेतकऱ्याचा भाव बहुधा या टांगत्या वजनावर असतो. पुढे ते धड दहा ते चौदा दिवस थंड खोलीत लटकते. मांसातलीच विकरे तंतू सैल करतात, थोडे पाणी उडते. मग हाडे, चरबी, छाटण वजा होऊन पिशव्यांत येते सुमारे ५२० पौंड. त्याचा पाव म्हणजे १३० पौंड, जवळजवळ ५९ किलो.

हिशेबापुरते आकडे धरू. टांगत्या पौंडाला चार डॉलर, म्हणजे २०० पौंडांचे ८००, कापणे-बांधणे २००. एकूण हजार भागिले १३०: पौंडाला पावणेआठ डॉलरच्या आसपास. हा एकच भाव खिम्यालाही लागतो आणि कमरेच्या कोवळ्या तुकड्यालाही. खिमा महाग पडतो, कोवळा तुकडा स्वस्त. ज्याच्या घरी फक्त खिमाच शिजतो त्याने या वाटेला जाऊ नये. आणि ‘पाव’ म्हणजे कुठला पाव, हेही आधी विचारावे. पुढच्या पावात खांदा, बरगड्या, छाती. मागच्यात कंबर आणि मांडी. मिसळीचा पाव मागितला तर अर्ध्या धडाचे सगळे तुकडे दोघांत सारखे वाटले जातात. जागा फारशी लागत नाही, चार घनफूट पुरतात.

कसाई एक फॉर्म देतो. तुकड्यांची जाडी किती, एका पुडक्यात किती, खिम्यात चरबी किती. शेवटी प्रश्न असतो : काळीज, हृदय, जीभ, शेपूट, हाडे हवीत का? पहिल्या वर्षी मी सगळ्यांपुढे ‘नको’ लिहिले. का, ते पुढे सांगतो.

मांस कसायाकडूनच गोठवून आणावे. घरच्या फ्रीझरमध्ये साठ किलो ताजे मांस एकदम कोंबले तर ते हळूहळू गोठते, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाडतात. वितळताना लाल पाणी वाहून जाते. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. म्हणून वितळवायचे ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. चवीच्या दृष्टीने खिमा तीन-चार महिन्यांत संपवावा, मोठे तुकडे वर्षभर टिकतात. आणि पुडक्यात हवा राहू देऊ नये. हवा राहिली की पृष्ठभागावरचा बर्फ पाणी न होता सरळ वाफ होऊन उडतो, मांसावर करडे, चामट डाग पडतात.

त्या हिवाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. असाच डाग पडलेला एक तुकडा मी कचऱ्यात टाकायला निघालो. तिने तो हातात घेतला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाली, “आरं लेकरा, ही तर चान्या व्हायला लागलीया.”

बरोबर होते तिचे. गोठवणे आणि वाळवणे यांत तत्त्व एकच : जंतूंना पाणी मिळू द्यायचे नाही. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत जनावराचे वाटे पडत. एका दिवसात संपणार नाही ते मांस लांब पट्ट्यांत कापून, मीठ लावून दोरीवर वाळत टाकत. त्या चान्या. पावसाळ्यात कामे नसत तेव्हा निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खात, नाहीतर डाळीत टाकत. दोरीवरच्या चान्या शाळेतल्या मित्रांना दिसू नयेत म्हणून मी त्यांना घरी आणत नसे. फॉर्मवरचे ‘नको’ तिथून आले होते.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाशी गोमांसाचा संबंध जोडून दाखवला. आमच्या घराने मेलेले ढोर सोडले ते त्या हाकेमुळे, आणि ते योग्यच झाले. पण मी त्याबरोबर आईचे कसबही लाजेच्या खात्यात टाकले होते. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचले तेव्हा कळले, की हे खाणे लिहूनही ठेवता येते.

आज गावी तिला हे करता येणार नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. राज्यात कापलेले त्यांचे मांस बाळगणे गुन्हा आहे. परराज्यात कापलेले मांस बाळगण्यावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केली. म्हशी-रेड्यांना ही बंदी लागू नाही. माझा फ्रीझर मात्र इथे भरलेला, आणि त्यात काय आहे हे कुणी विचारत नाही.

यंदा फॉर्मवर काळीज, जीभ, शेपूट, हाडे, सगळ्यांपुढे ‘हवे’ लिहिले. आईला फोनवर सांगितले, तर तिने भाव विचारला नाही, वजनही नाही.

“वाटे किती पडले?” म्हणाली.

“चार.”

“मंग बाकीचे तीन कोनाचे?”

एक वाटा शेजारच्यांचा, हे माहीत होते. उरलेल्या दोघांची नावे मला सांगता आली नाहीत. गावात असते तर सांगता आली असती.