थंड वाळवंटातील दोघांचे घर

लडाखमधील लेह हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. जानेवारी महिन्यात तेथील दिवसरात्रीचे सरासरी तपमान शून्याखाली सुमारे ८ अंश सेंटिग्रेड असते आणि पहाटे पारा याहूनही पुष्कळ खाली उतरतो. वर्षभरात पडणारे पाऊस व बर्फ एकत्र मोजले तरी ते जेमतेम १०० मिलिमीटर भरते. जमीन उघडी, झाडे विरळ, सरपण दुर्मीळ. परंतु याच प्रदेशात हिवाळ्यातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते, आणि हवा विरळ व कोरडी असल्यामुळे सूर्यकिरणांचा फारच थोडा भाग वाटेत अडतो. सावलीत बोटे बधिर होत असताना उन्हातील दगडी कट्ट्यावर मनुष्य आरामात बसू शकतो, हा अनुभव तेथे गेलेल्या कोणासही सांगता येईल.

अशा प्रदेशातील एखाद्या दूरच्या वस्तीवर, जेथे विजेची तार पोहोचलेली नाही, एक आई आणि तिचे सात वर्षांचे मूल यांच्यासाठी लहानसे घर बांधावयाचे आहे अशी कल्पना करू. घर दोघांचेच आहे ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. मोठ्या कुटुंबात रात्री कोणीतरी उठून विस्तव पाहतो, धूर कोंडला तर कोणाच्या तरी ते ध्यानात येते. येथे आईला झोप लागली म्हणजे जागे राहणारे कोणीही उरत नाही.

आणि बंद खोलीतील विस्तव हा डोंगराळ प्रदेशातील फार जुना शत्रू आहे. लाकूड, कोळसा किंवा शेणी पुरेशा हवेविना जळू लागल्या की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही व वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असल्याने तो प्राणवायूची जागा बळकावतो. मनुष्यास प्रथम डोके दुखल्यासारखे वाटते, नंतर गुंगी येते आणि पुढे जाग येत नाही. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांश असतो, म्हणजे प्राणवायूची चणचण तेथे आधीचीच असते. लहान मूल शरीराच्या मानाने अधिक वेगाने श्वास घेते. यास्तव विषबाधा त्यास आधी होते. कडाक्याच्या रात्री दारे-खिडक्या घट्ट लावून उशाशी शेगडी घेऊन निजणाऱ्यांवर असे प्रसंग दर हिवाळ्यात ओढवतात. धुराडे असलेली लोखंडी बुखारी शेगडीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते खरी, पण धुराडे काजळीने तुंबले किंवा त्याचा सांधा सुटला की तिचाही भरवसा राहत नाही.

म्हणून या घराच्या रचनेपुढे आपण एकच अट ठेवू: निरभ्र हिवाळ्यात आई व मूल यांनी विस्तव विझवून निजावे, आणि पहाटे खोलीतील पाणी गोठलेले नसावे. बाकीच्या सर्व गोष्टी या अटीतून निघतील.

प्रथम आकार. उष्णता घराबाहेर जाते ती भिंती, छप्पर, जमीन व काचा यांच्या पृष्ठभागातून. म्हणून खोली जितकी मोठी तितकी गळती अधिक. दोघांना निजणे, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास व थोडे सामान यांसाठी पूर्व-पश्चिम साडेचार मीटर व उत्तर-दक्षिण तीन मीटर एवढी खोली पुरते. उंची २.२ मीटर असावी. उंच छत शहरात शोभते. येथे तापलेली हवा डोक्यावर जमून राहील आणि जमिनीवर बसलेले मूल थंडीत कुडकुडेल. लांब बाजू दक्षिणेकडे असावी हे सांगावयास नकोच. दाराबाहेर दुसरे दार असलेली छोटीशी पडवी करावी, म्हणजे एक दार लागल्यावर दुसरे उघडता येईल आणि मूल दहा वेळा आतबाहेर करू लागले तरी प्रत्येक खेपेस घरातील ऊब निघून जाणार नाही.

आता भिंती. लडाखमध्ये कच्च्या मातीच्या विटांची जाड भिंत पूर्वापार वापरात आहे. तीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, तो असा की, जाड माती थंडी अडवते. वस्तुतः माती उष्णता अडवण्याच्या कामी सामान्य आणि साठवण्याच्या कामी उत्तम आहे. ४५ सेंटिमीटर जाडीच्या नुसत्या मातीच्या भिंतीतून जेवढी उष्णता जाते, तिच्या एकतृतीयांशाहून कमी उष्णता दहा सेंटिमीटर कोरड्या पेंढ्याची भर मध्ये घातलेल्या दुहेरी भिंतीतून जाते. कारण पेंढ्याच्या काड्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक आहे. तेव्हा आतील बाजूस तीस सेंटिमीटर जाडीची मातीची भिंत, तिच्या बाहेर सातूच्या पेंढ्याची किंवा लाकडाच्या भुशाची भर, आणि त्याबाहेर पातळ मातीची दुसरी भिंत, असा क्रम ठेवावा. क्रम उलटला, म्हणजे भर आत व जाड माती बाहेर गेली, तर साठवलेली उष्णता खोलीला न मिळता बाहेरील वाऱ्याला मिळेल. छपरासाठी तेथील रीत उत्तमच आहे: सफेद्याच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या बारीक फांद्या, त्यांवर गवत व माती. आपण फक्त गवताचा थर वीस सेंटिमीटरपर्यंत वाढवावा आणि दोन्ही भिंतींच्या माथ्यावरून सलग लाकडी पट्टा फिरवून कोपरे घट्ट बांधावेत, कारण हिमालयात भूकंपाचा विचार केल्याविना मातीचे घर बांधणे बरे नव्हे.

दक्षिणेच्या भिंतीत चार मीटर रुंद व दीड मीटर उंच असा काचेचा पट्टा ठेवू. त्याचे क्षेत्र सहा चौरस मीटर होते. लेहच्या अक्षांशावर २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ७९ अंश उंच असतो व २२ डिसेंबरला अवघा ३२ अंश. काचेच्या वरच्या कडेला तीस सेंटिमीटर छज्जा काढला, तर जूनमध्ये त्याची सावली काचेवर १.६ मीटर खाली येते, म्हणजे संपूर्ण काच झाकली जाते. डिसेंबरमध्ये तीच सावली केवळ १९ सेंटिमीटर पडते. विद्यार्थ्यांनी कागदावर त्रिकोण काढून हे अवश्य पडताळावे. आपल्या गावच्या अक्षांशासाठी छज्जा किती लागेल, हेही त्याच त्रिकोणातून निघते.

या पट्ट्यापैकी १.६ मीटर रुंदी उघड्या खिडकीसाठी ठेवावी. उरलेल्या २.४ मीटर रुंदीत काचेच्या मागे चार बोटे अंतरावर काळपट रंगवलेली तीस सेंटिमीटर जाडीची मातीची भिंत असावी. काचेतून आलेला प्रकाश भिंतीवर शोषला जाऊन तिची उष्णता होते. तापलेली भिंत जे अवरक्त किरण फेकते ते काचेतून सहजासहजी बाहेर जात नाहीत. उष्णता मातीतून तासाला अडीच ते तीन सेंटिमीटर या मंद गतीने सरकते. त्यामुळे दुपारी बारा वाजताचे ऊन भिंतीच्या आतील अंगाला रात्री दहाच्या सुमारास पोहोचते, म्हणजे नेमके हवे तेव्हा. या युक्तीचे एकस्व अमेरिकेतील एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्ये घेतले होते. परंतु तिचा प्रसार फ्रान्समधील फेलिक्स त्रोंब व वास्तुशास्त्रज्ञ जाक मिशेल यांनी १९६७ मध्ये ओदेयो येथे बांधलेल्या घरामुळे झाला आणि भिंतीस त्रोंब यांचेच नाव पडले. लेहजवळील शे येथील ड्रुक व्हाइट लोटस शाळेच्या वसतिगृहांत अशा भिंती आहेत.

आता जमाखर्च पाहू. वर सांगितल्याप्रमाणे बांधलेल्या घरातून, आत-बाहेरील तपमानात एका अंशाचा फरक असताना, ढोबळ हिशोबाने ३७ वॉट उष्णता सतत गळते. भिंतींत व छपरात भर नसेल तर हाच आकडा ७५ च्या आसपास जातो. आत १४ अंश आणि बाहेर शून्याखाली ८ अंश, म्हणजे फरक २२ अंशांचा. यावरून चोवीस तासांचा खर्च सुमारे साडेएकोणीस किलोवॉट-तास होतो. किलोवॉट-तास म्हणजे विजेच्या मीटरवरील एक युनिट. जमेकडे, निरभ्र हिवाळी दिवशी दक्षिणाभिमुख उभ्या काचेच्या दर चौरस मीटरवर सुमारे पाच युनिटे ऊन पडते असे मानू, आणि त्यातील निम्मेच खोलीस उपयोगी पडते असा सावध अंदाज करू. सहा चौरस मीटरची पंधरा युनिटे झाली. आई व मूल यांची शरीरे मिळून सुमारे दोन, स्वयंपाकाची दोन, एकूण एकोणीस. वह्या जवळजवळ जुळल्या. भर न घातलेल्या घरात मात्र रोज वीस-एकवीस युनिटांची तूट येते, आणि ती दररोज सरपणाच्या रूपाने डोक्यावरून आणावी लागते.

परंतु दिवसाचा हिशोब जुळणे वेगळे आणि रात्र पार पडणे वेगळे. आतील भिंतींत मिळून सुमारे चौदा टन माती आहे. ती एक अंशाने थंड होताना सुमारे साडेतीन युनिटे उष्णता सोडते. लांब रात्रीत निजलेल्यांच्या अंगची ऊब वजा जाता तेरा युनिटे लागतात, म्हणजेच भिंतींचे तपमान चार अंशांनी खाली येईल. सायंकाळी १६ अंशांवर असलेली खोली पहाटे १२ अंशांवर असेल. लोकरीच्या पांघरुणात हे थंड म्हणता येणार नाही. यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: सूर्य मावळताच खिडकीवर आतून जाड दुलईचा पडदा सोडला जाईल. हे काम सात वर्षांच्या मुलाकडे द्यावे आणि दोरी त्याच्या हाताच्या उंचीवर बांधावी.

हवा कोंडू नये म्हणून भिंतीत, एक खाली व एक छताजवळ, अशी दोन झरोके कायम उघडी असावीत. त्यांतून एकंदर गळतीचा साधारण सहावा हिस्सा जातो, तरीही ती बुजवू नयेत. विस्तव नसला तरी दोघांच्या उच्छ्वासाने एवढीशी खोली सकाळपर्यंत कोंदट होते. लागोपाठ तीन-चार दिवस आभाळ राहिले तर उपयोगी पडावी म्हणून धुराड्याची छोटी बुखारी ठेवावी लागेल. तिला जळणासाठी लागणारी हवा बाहेरून नळीने आणावी, भोवती मुलाचा हात पोहोचणार नाही असा कठडा असावा, आणि निजण्यापूर्वी ती पूर्ण विझवावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र आता मिळते. ते उशाजवळ टांगावे.

विजेची गरज फार थोडी आहे. पाच वॉटचे दोन दिवे रोज पाच तास व थोडे रेडिओसाठी, मिळून सत्तर-ऐंशी वॉट-तास. छपरावरील पन्नास वॉटचा सौर फलक हिवाळ्यातही याच्या दुप्पट वीज देऊ शकतो. बॅटरी मात्र पडवीत ठेवू नये. थंडीने तिची क्षमता घटते आणि लिथियमच्या बॅटरीत शून्याखाली वीज भरणे तिला घातक असते. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती घरात पण झरोक्याजवळ असावी. पाण्याच्या बाबतीत छपराचा भरवसा धरू नये: वीस चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला फार तर दोन हजार लिटर, दिवसाला साडेपाच. तेव्हा झरा किंवा हिमनदीवरून येणारा पाट जवळ हवाच, आणि शौचकूप लडाखी पद्धतीचे, पाण्याविना माती व राख टाकण्याचे.

पाणी जवळ हवे, पण ओढ्याच्या मुखाशी घर नको. ऑगस्ट २०१० मध्ये लेह परिसरात ढगफुटी झाली, तेव्हा कोरड्या ओहोळांतून दगड-मातीचे लोंढे आले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. डोंगराच्या घळीसमोर पंख्यासारखी पसरलेली दगडगोट्यांची जमीन सपाट व सोयीची दिसते. ती सपाट झाली आहे ती अशाच लोंढ्यांनी. त्या पंख्याच्या बाजूस, थोड्या उंचवट्यावर, हिवाळ्यात डोंगराची सावली उशिरा येईल अशी जागा शोधावी. ती जागा उन्हाळ्यात ठरवू नये. डिसेंबरमध्ये एक दिवस तेथे उभे राहून ऊन किती वाजता येते व किती वाजता जाते, हे मुलासच खडूने दगडावर लिहावयास सांगावे.

विटा मे-जूनमध्ये पाडाव्यात व ऑगस्टअखेर छप्पर पडावे. तरीही पहिल्या हिवाळ्यात भिंती आतून ओलसरच असतात. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, आणि बरीचशी ऊब ओल सुकविण्यातच खर्ची पडते. त्यामुळे पहिल्या वर्षी बुखारी अधिक दिवस पेटवावी लागेल आणि वर दिलेले आकडे जुळणार नाहीत. ते दुसऱ्या हिवाळ्यात, भिंतीवर थर्मामीटर टांगून, पुन्हा मोजून पाहावेत.